जावयाला गुरुवारी मारा

वाळवंटाकाठच्या वारझाझात गावात परदेशी सिनेमाचं चित्रीकरण आलं, की गावातले पुरुष गर्दीत उभं राहण्यासाठी दाढ्या वाढवतात आणि हम्मू न्हावी दुकानात माश्या मारत बसतो. यंदा तर कहर झाला. शुक्रवारी त्याच्या मुलीचं लग्न, आणि होणारा जावई इदिर छातीपर्यंत दाढी सोडून सिनेमातल्या जुन्या जेरुसलेमच्या बाजारात उभा. गावातल्या प्रत्येक नवरदेवाची दाढी लग्नाच्या आदल्या दिवशी हम्मूच करत आला होता.

वैतागून तो सिनेमाच्या तंबूत गेला.

"चित्रीकरण संपेपर्यंत दाढीला हात लावायचा नाही," दिग्दर्शकाचा सहायक म्हणाला. "मेला तरच सुटेल."

"मग गुरुवारी मारा."

सहायकानं कागद चाळले. "मारतो. पण प्रेत रविवारपर्यंत चौकात पडून राहील."

"काही रीतभात आहे का तुम्हाला? मेलेल्याला त्याच दिवशी पुरायचं असतं."

सहायकाला ते पटलं. गुरुवारी दुपारी एका रोमन शिपायानं इदिरला भोसकलं, आणि हम्मूनं स्वतः उभं राहून त्याला पुरून घेतलं.

संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर इदिर कुरकुरला, "सासरेबुवा, आणखी दोन दिवस जगलो असतो तर मला एक वाक्य बोलायला मिळणार होतं."

"उद्या काझीसमोर बोल," हम्मू म्हणाला आणि त्यानं जावयाच्या तोंडाला फेस फासला.