वाकळीचा घास

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागे आमचं वाचनालय होतं. एकच लांबट खोली. १९८३ च्या हिवाळ्यात एका संस्थेनं तिथं वखारीत राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी संध्याकाळी वाकळ शिवण्याचा वर्ग सुरू केला आणि मला पुस्तकांची कपाटं भिंतीकडे सरकवावी लागली. मुलांशी काय बोलावं ते मला कधीच कळलेलं नाही. मी कपाटाआड बसून फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत असे.

शिकवायला शेवंताबाई यायच्या. जन्मभर तंबाखू चाळून त्यांची छाती गेली होती, म्हणून काम सुटलेलं. जुन्या लुगड्यांचे थर कसे घालायचे, कडेकडून टाके घालत आत कसं यायचं, हे त्या खोकत खोकत दाखवायच्या. संस्थेकडून मुलांना चतकोर भाकरी मिळे. त्याशिवाय शेवंताबाई प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा ठेवायच्या.

"ह्यो तुमचा न्हाय. ह्यो वाकळीचा घास. मधोमध ठेवून शिवायचा. वाकळ उपाशी ऱ्हायली तर पांघरणाऱ्यालाच खाती."

"कुठनं खाती, आक्का? पायाकडनं?" गुंडूनं विचारलं.

"तुझ्या जिभंपासनं सुरवात करंल."

पोरं हसली. यल्लव्वा तेवढी हसली नाही. नऊ-दहा वर्षांची ती पोर तान्ह्या भावाला मांडीवर घेऊनच टाके घालायची. तिची आई, बायडाबाई, बाळंतपणाची कंबर सरळ व्हायच्या आतच वखारीत परत गेली होती. यल्लव्वानं बाळासाठीच हातभर वाकळ शिवली. सगळ्या वर्गात सरळ टाके तिचे होते.

पौषात बाळ गेलं. छातीत कफ भरला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्याच वाकळीत गुंडाळून त्याला पुरलं.

यल्लव्वा पुन्हा वर्गाला येऊ लागली, नवी वाकळही शिवायला घेतली. पण माझ्या कपाटांतले उंदीर त्या वाकळीकडे धावू लागले, तेव्हा शेवंताबाईंनी तिचे टाके उसवले. आतून भाकरीचे वाळके तुकडे पडले. पोर रोज स्वतःची चतकोर वाकळीत घालत होती.

"ह्ये काय गं?" शेवंताबाईंनी विचारलं.

ती तुकडे गोळा करू लागली. मग म्हणाली, "बाळाच्या वाकळीचा घास मी खाल्लता. लई भूक लागलती. तसंच शिवून टाकलं. मग तिनं त्याला खाल्लं."

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाआडून बाहेर आलो. थंडी, रोगजंतू, आईच्या अंगावरची तंबाखूची धूळ, जे जे वाचलं होतं ते अडखळत सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "व्हय गुरुजी," म्हणाली आणि त्या दिवसाची भाकरी लुगड्याच्या थरात सारली.

"आमची आय सांगायची तसं सांगितलं मी, आप्पा," शेवंताबाई मला म्हणाल्या. "पोरास्नी गंमत म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्या आपली वाकळ घेऊन आल्या. सगळ्यांसमोर टाके उसवून तिच्यातला घास काढला आणि खाऊन टाकला. "बघा. आता ही उपाशी. हीच पांघरून झोपणार मी."

"नको, आक्का!" यल्लव्वानं वाकळ ओढून धरली.

"सोड. उद्या मी आले तर तू खायचीस. रोज आले तर रोज. कबूल?"

"आक्का, तुमच्यात नुसती हाडं," गुंडू म्हणाला. "वाकळीचंच दात पडतील."

पोरं खिदळली. यल्लव्वानं मान डोलावली.

कुलूप लावताना मी धीर करून म्हटलं, "शेवंताबाई, पण तुमची तब्येत..."

"डॉक्टर काय बोलला ते मला ठाव हाय. होळीपातूर ओढते की. तवर पोरगी खायला लागंल."

"आणि नंतर?"

"नंतरचं तुमी बघा. पुस्तकात काय गावतंय का."

यल्लव्वा रोज दाराशी बसायची. शेवंताबाई भिंत धरत आल्या, की मगच पहिला घास तोंडात घालायची. माघ गेला. पोरीच्या गालावर थोडं मांस आलं. शेवंताबाईंच्या गालावरचं उतरत होतं.

होळी तोंडावर आली असताना एका संध्याकाळी त्या आल्याच नाहीत. यल्लव्वा भाकरी हातात धरून गल्लीकडे बघत राहिली. मी घुटमळलो. मग चप्पल घालून त्यांच्या खोलीवर गेलो.

त्या त्याच वाकळीखाली पडून होत्या. आवाज फुटत नव्हता. मला पाहून त्यांनी हात वर केला. आयुष्यात कधी परक्या बाईचा हात धरला नव्हता. मी त्यांना उठवलं, खांद्याचा आधार देत वाचनालयाकडे आणलं. वखार सुटली होती. गल्लीभर बायका आमच्याकडे बघत होत्या.

दाराशी यल्लव्वा उभी राहिली. शेवंताबाईंनी बोटं तोंडाशी नेऊन खुणावलं, खा.

पोरीनं घास तोडला. त्यांच्यावरची नजर न काढता ती सावकाश चावत राहिली. मी शेवंताबाईंना घट्ट धरून होतो. हात सैल केला असता तर त्या तिथंच कोसळल्या असत्या, आणि भाकरी अजून अर्धी उरली होती.