सुफ्ले झाकायचा नसतो

कोल्हापुरात, बावड्यातल्या त्या घरात रविवारी दुपारी मटणाशिवाय दुसरं काही शिजलं, तर गल्लीनं चौकशीला यावं अशी परिस्थिती. पण क्रांतीनं शुक्रवारीच जाहीर करून टाकलं, "परवा रस्सा न्हाय. परवा सुफ्ले."

"ते काय असतंय?" सासरे, गणपतराव, म्हणाले.

"अंड्याचं, फ्रेंच लोकांचं. ओव्हनमध्ये टम्म फुगतंय. पण काढल्या काढल्या खायला लागतंय, न्हायतर दोन मिंटात खाली बसतंय. म्हणून एक वाजता समदी टेबलावर पायजेत. मी पण बसणार, तुमच्याबरोबर."

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम जोरात म्हटलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या घरात आधी पुरुष जेवायचे, मग बायका. का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. चोवीस वर्षं तिनं तांबडा रस्सा उकळता वाढला आणि स्वतः थिजलेला खाल्ला. सुफ्लेचं वेड तिला चवीपायी लागलंच नव्हतं. शिजवणाऱ्या बाईलाही गरमच खावा लागेल, असा हा एकच पदार्थ तिला सापडला होता.

नवरा, अमरसिंह, हसला. "बरं बाई, एकला हजर ऱ्हातो."

रविवारी सकाळपासून घोळ सुरू झाला. चौथ्या अंड्याचं पिवळं फुटून पांढऱ्यात गेलं, आता त्याला फेस येणार नव्हता, म्हणून ती सगळी अंडी बुर्जीला लागली. बीटर नव्हता म्हणून ताकाची रवी घेतली, तर फेस डब्यात कमी आणि भिंतीवर जास्त. दूध घरच्या म्हशीचं, इतकं दाट की सॉसचं पिठलं व्हायला लागलं. पाणी घालून ते वळणावर आणलं. शाहूपुरीत मिळालेलं चीजही कृतीत सांगितलेलं नव्हतं, पण त्याला इलाज नव्हता.

सासूबाई, धोंडुबाई, उंबऱ्यात बसून बघत होत्या. "एवढ्या वेळात दोन किलो मटण शिजलं असतं की गं."

"शिजलं असतं, आणि मी तीन वाजता गार खाल्लं असतं."

एकला पाच कमी असताना ओव्हनच्या काचेआड सुफ्ले वर आला. भांड्याच्या कडेच्या वर चार बोटं, सोनेरी. क्रांतीला आनंदानं रडूच येईल असं वाटलं. तिनं फोन लावला. तालमीच्या कट्ट्यावर वडलांबरोबर बसलेला अमरसिंह बोलला, "आलोच. पाच मिंटं. आबा बी हायत संगं."

कोल्हापुरात पाच मिनिटं म्हणजे किती, हे काय तिला सांगायला हवं होतं? तिनं भांडं बाहेर काढलं आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यावर ताट उपडं घातलं. पुरुषांचं जेवण झाकून ठेवायचं, ही हाताला लागलेली सवय. वाट बघून ताट उचललं तेव्हा सुफ्ले तळाला ओलं धिरडं होऊन बसला होता.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. नवऱ्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःच्या हाताचा आला. झाकायला कुणी सांगितलं होतं?

"जाऊ दे गं," धोंडुबाई म्हणाल्या. "भाकरी टाकते. बुर्जी हाय की."

"न्हाय. अजून सहा अंडी हायत."

रवी पुन्हा फिरली. या खेपेला पिवळं फुटलं नाही. मोहरीची पूड संपली होती, तिथं चिमूटभर कांदा-लसूण चटणी गेली. फ्रेंचांनी काय म्हणायचं ते म्हणावं. भांडं ओव्हनमध्ये ठेवून तिनं टेबलावर दोन ताटल्या मांडल्या.

"आणि ती दोघं?"

"येतील तवा येतील. तुम्ही बसा, आत्याबाई."

"पुरुष माणसं यायच्या आदी?" धोंडुबाईंनी दाराकडं पाहिलं. "लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? घरात आपण दोघीच हाय."

दोन वाजून गेले आणि सुफ्ले निघाला. एका बाजूला कलला होता, पण उभा होता. ताटाकडं निघालेला हात क्रांतीनं मागं घेतला आणि डावानं सुफ्ले मधोमध फोडला. भसकन वाफ आली. धोंडुबाई अजून पदर सावरत उभ्याच. क्रांतीनं खुर्ची ओढली. "बसा म्हणते न्हवं!"

सासूवर एवढा आवाज तिनं आजवर चढवला नव्हता. त्या बसल्या.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. अमरसिंह दारातच थबकला. "अगं, वाट तरी बघायची की आमची!"

"बघितली. एक वाया गेला. ह्यातला निम्मा तुमचा हाय, हात धुऊन वाढून घ्या. मी उठणार न्हाय."

गणपतराव बायकोकडं बघतच राहिले. "तू बी?"

धोंडुबाईंनी घाईनं घास तोंडात घातला आणि हाशहुश करत पदर तोंडाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं.

"चटणी जास्त झाली?" क्रांतीनं विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली, घास गिळला. "तोंड भाजलं गं," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा भाजलं."

आणि नवऱ्याकडं न बघता त्यांनी ताटली पुढं केली. "वाढ अजून."