नववे पत्र

"आजच्या टपालात गेलं पाहिजे, बाई. आणि अक्षर तुमचंच हवं. राष्ट्राध्यक्षांकडे जायचंय," असं म्हणत हेडक्लार्क पेटीबोन यांनी मसुदा थर्झा वेंडोव्हरच्या मेजावर ठेवला आणि घाईघाईने खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

थर्झाने टाक पुसला. राजधानीतल्या खजिना-खात्यात ती चार वर्षं पत्रांच्या नकला करत होती. नवरा युद्धात गेला, तेव्हा ओहायोच्या एका खासदाराच्या चिठ्ठीवर तिला ही जागा मिळाली आणि अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळकरी मुलगी त्यावर तगून राहिल्या. सकाळचं स्तोत्र म्हटल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. मोठ्यांची पत्रं उतरवायची, पण मजकूर मनाला लावून घ्यायचा नाही, हेही तिने व्रतासारखं पाळलं होतं.

तरी गेल्या तीन आठवड्यांत खजिनामंत्र्यांनी अध्यक्षांना धाडलेली आठ पत्रं तिला पाठ झाली होती. न्यूयॉर्क बंदरातल्या जकातीची मोठी जागा रिकामी होती. तिथे खजिनामंत्र्यांना त्यांचा माणूस हवा होता, अध्यक्षांना आपला. अध्यक्ष दोन ओळींत गोड नकार देत, मंत्री चार पानं रुसत. शेवटी अध्यक्षांचाच माणूस बसला.

आजचं पत्र नववं. सूर एकदम मवाळ. अध्यक्षांनी एका विधवेला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं, जमत असेल तर हिला काम द्यावे. मंत्र्यांचं उत्तर असं होतं: 'आपल्या शब्दाबाहेर मी नाही, हे या लहानशा गोष्टीतून तरी दिसावे. नकला करणाऱ्या स्त्रियांपैकी जिच्या पाठीशी आता कोणी शिफारस करणारा उरलेला नाही, तिला आजच मोकळी करून ती जागा आपण पाठविलेल्या बाईस देत आहे.'

टाक 'लहानशा' या शब्दावर थांबला.

"पेटीबोनसाहेब, ही 'जिच्या पाठीशी कोणी नाही' ती मीच ना?"

"तुमचा खासदार पडला हो निवडणुकीत. मी तरी काय करू?"

"पडला तो. मी रोज नवाच्या ठोक्याला इथंच बसलेय."

"रागावू नका. मंत्रीसाहेबांचं मन मोठं आहे. झालं गेलं विसरून त्यांनी—"

"मन मोठं आहे तर स्वतःचं काहीतरी द्यायचं. माझी खुर्ची उचलून भेट दिली त्यांनी. रुसवा मोठ्या जागेचा, आणि मनधरणी माझ्या जिवावर."

समोरच्या मेजावरची डॉर्कस क्विम्बी म्हणाली, "आणि लिहायलाही तिलाच दिलंत, साहेब? लाज कशी वाटली नाही?"

"तुझं अक्षर अध्यक्षांना लागेल का, डॉर्कस?"

"नाहीच लागणार. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण मामा सिनेटर आहेत ना, म्हणून मी राहतेय."

पेटीबोन पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

पत्र पुरं झालं. खात्याकडे प्रत राहावी म्हणून त्याचा छाप नकलवहीच्या ओलसर पानावर दाबून घ्यायचा तर फडकं ओलं करायला हवं, म्हणून थर्झा वाडगं घेऊन बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर काळ्या कपड्यातली एक बाई बसली होती. हातातली चिठ्ठी घामाने मऊ पडली होती.

"बाई, आत खरंच जागा आहे का हो? आठ दिवस नुसतं उद्या या, उद्या या म्हणतात."

हिच्यावर राग काढणं फार सोपं होतं. तो ओठांपर्यंत आलाही. थर्झाने तो गिळला. तो हिच्यावरचा नव्हता.

"सकाळपर्यंत नव्हती. आता आहे."

"कुणी सोडून गेलं?"

"काढलं. मला."

बाई अर्धवट उठली, पुन्हा बसली. "मी नको म्हणायला हवं," ती खालमानेने म्हणाली. "पण घरी तीन लेकरं आहेत."

"तुम्ही नको म्हटलं तर ते तिसऱ्या कुणाला देतील. घ्या."

आत येऊन थर्झाने फडकं पिळलं, दाबयंत्राचा दांडा फिरवला. कोरड्या डोळ्यांनी छाप पाहिला. स्वच्छ उतरला होता. मग तिने वहीच्या शेवटची नावांची सूची उघडली. पत्र ज्यांच्यासंबंधी, त्या सगळ्यांची नावं तिथे घालायची, हा खात्याचा रिवाज.

पेटीबोन लगबगीने आले. "अध्यक्ष आणि ती बाई. एवढीच नावं घाला."

"हा रिवाज तुम्हीच मला शिकवलात, साहेब. ज्याच्याबद्दल पत्र, त्याचं नाव सूचीत."

"पत्रात कुठंय तुमचं नाव?"

"नाही ना. दोघा मोठ्या माणसांनी माझी देवाणघेवाण केली आणि नाव विचारायचंही कुणाला सुचलं नाही."

"उद्या कुणी वाचलं तर?"

"वाचू दे की."

आणि तिने आपल्या सुरेख, सरळ अक्षरात लिहिलं: 'वेंडोव्हर, थर्झा. नकलनवीस. कसूर नसताना कामावरून काढली. पान ४१२.'

पेटीबोननी टीपकागद पुढे केला. तिने तो घेतला नाही. शाई आपोआप वाळेपर्यंत ती त्या खुर्चीत ताठ बसून राहिली.