पाण्याची तिसरी पाळी

चर्चच्या घंटेचे दहा टोले पडले, तेव्हा ब्रौलियो अजून उतारावरच्या दगडावर खोरं टेकून बसला होता. गुडघे पुढं जायला तयार नव्हते.

गावाचा नियम बापजाद्यांपासूनचा. दहाच्या ठोक्याला ज्याचं खोरं पाटाचं पाणी अडवणाऱ्या फळीपाशी रोवलेलं, पाणी त्याचं. नसलं तर पुढच्याचं. आणि एका उन्हाळ्यात तीन पाळ्या चुकल्या की हक्क कायमचा गेला. ब्रौलियोच्या दोन चुकल्या होत्या. ही तिसरी.

आजोबांपासूनचं पाणी गेलं. फार वाईट वाटेल असं त्याला वाटत आलं होतं. पण आत्ता वाटलं ते एवढंच, की सुटलो. टोमॅटो वाळतील, वाळू देत. सारागोसा शहरातून मुलगी दर रविवारी फोनवर म्हणते, बाबा, टोमॅटो दुकानात मिळतात. मिळतातच की.

तरी फळीला एकदा हात लावून यावा म्हणून बऱ्याच वेळानं तो उतरला. बघतो तर पाणी त्याच्याच मळ्यात चाललेलं. फळीपाशी एक जुनं खोरं उभं, आणि शेजारी ओरोसिया, पाय पाटात सोडून. अंजिराच्या एका झाडावरून हिच्याशी त्याचं तीस वर्षं भांडण. पुढची पाळी तिचीच होती.

"हे कुणाचं खोरं?"

"माझ्या मेलेल्या नवऱ्याचं. फेर्मिन पाटकऱ्याला सांगितलं, ब्रौलियोचं आहे."

"फेर्मिननं मी कुठाय ते नाही विचारलं?"

"विचारलं ना. म्हटलं, भिंतीमागं लघवीला गेलाय. म्हणाला, फार वेळ लागतोय. म्हटलं, या वयात लागतो."

"अगं, पाणी तुला मिळालं असतं!"

"चाटू का पाणी? या पाटावर आपण दोघंच उरलोय. तू सुटलास तर मार्चात गाळ मी एकटीनं उपसायचा होय?"

"माझे गुडघे बघ गं जरा."

"माझे काय नवे बसवलेत? ते अंजिराचं झाड तोड आधी, मग गुडघ्यांचं बोल."

पहिला वाफा भरून पाणी कडेवरून सांडायला लागलं होतं.

"बघत काय बसलायस? दारं मोड, पाणी दुसऱ्या वाफ्यात घे!"

तो वाफ्यात उतरला. पुढची पाळी आठ दिवसांनी. म्हणजे त्या दिवशी घरून साडेआठलाच निघायला हवं, दगडावर बसण्याचा वेळ धरून. एवढं मनाशी ठरवून त्यानं खोरं चिखलात घातलं.