भरल्या ओटीचा हात

रहिमतपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक वड आहे. गाय व्याली की मागाहून पडणारी वार उसाच्या पाचटात गुंडाळून त्याच्या फांदीला टांगायची, म्हणजे दूध आटत नाही, असा तिथला रिवाज. वर्षाला चार-दोन बोचकी लटकायची. यंदा मात्र माया येता-जाता बोचकी मोजायची. फांदी बोचक्यांनी वाकली होती आणि गोठ्यांतून वासरं काही दिसत नव्हती.

माया मिरजेची. जनावरांची डॉक्टर होऊन पुढचं शिकत होती. गाई सारख्या का उलटतात, भरवूनही गाभण का राहत नाहीत, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी साळूबाईंचा गोठा तिला अगदी मनासारखा मिळाला होता. मुलगा फौजेत, घरात साळूबाई आणि त्यांची पोटुशी सून क्रांती. माया आली की साळूबाई आधी चहा पाजायच्या, मग गाईची शेपटी धरून उभ्या राहायच्या.

पहिल्या गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला तेव्हा साळूबाई दृष्टीला शिव्या देऊन मोकळ्या झाल्या. दुसरीने टाकला तेव्हा त्यांनी उपाय काढला. "भरल्या ओटीच्या बाईनं वार बांधली तर गाईची बी ओटी भरती," म्हणाल्या आणि ओलं बोचकं त्यांनी क्रांतीच्या हातात दिलं. मायाने हौसेने फोटो काढला. प्रबंधात शोभेल असं तिला वाटलं.

मायाला रोगाची शंका आली होती. आली नव्हती असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण गाईंच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत गावात तोंड उघडायचं नाही, असं तिच्या प्रबंधाच्या सरांनी बजावलं होतं. घाबरून लोक गाई बाजारात काढतील आणि रोग चार गावांत नेतील, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मायाची भीती मात्र निराळी होती. गाई गेल्या की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तिने खांद्यापर्यंत येणाऱ्या हातमोज्यांचा एक खोका साळूबाईंना दिला आणि "घाण लागते, हे घालत जा" एवढंच सांगितलं. साळूबाईंनी ते मोजे कापून लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले. अर्धंमुर्धं सांगितल्यावर दुसरं काय होणार?

आज दुपारी ती कोरेगावात होती तेव्हा प्रयोगशाळेतून अमृतचा फोन आला. तो तिच्याच वर्गातला.

"साळूबाईंच्या सगळ्या गाई पॉझिटिव्ह आहेत, माया. ब्रुसेला. तिथे वार हाताळणारं कुणी गरोदर नाही ना? मूल जातं, तुला माहितीच आहे."

माहिती होतंच.  साळूबाईंचा फोन लागेना, तशी मायाने स्कूटी काढली.

वडापाशी पोचली तर दोघी तिथेच. तिसऱ्या गाईने मघाशीच गाभ टाकला होता. साळूबाई फांदी खाली ओढून उभ्या होत्या आणि क्रांती टाचा उंचावून बोचकं बांधत होती.

"क्रांती, टाक ते! खाली टाक!"

क्रांती दचकली. बोचकं हातातून निसटलं. भुईला लागलं तर अपशकुन, म्हणून तिने ते दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट आवळून धरलं. गाऊनवरून तांबडं पाणी ओघळलं.

मायाने ते हिसकावून बाजूला भिरकावलं, मोजे घालायचं भानही तिला राहिलं नाही. शेजारच्या मळ्यात पाइप सुरू होता. तिथे नेऊन तिने क्रांतीचे हात आपल्या पिशवीतल्या साबणाने चोळचोळून धुतले आणि धुता धुता सगळं सांगून टाकलं. गाईंना काय झालंय, ते माणसाला कसं लागतं, पोटातल्या बाळाला काय होऊ शकतं.

"मी आधीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

साळूबाई बांधावर मटकन बसल्या. "म्या माझ्या हातानं दिलं गं पोरीला."

"आजच साताऱ्याला नेऊ, रक्त तपासू. औषध आहे त्यावर." बोलता बोलता मायाला स्वतःलाच धीर आला. वेळेत आलो, असं तिला वाटलं आणि रडूही आलं.

क्रांती खांद्यावरच्या टॉवेलने हात पुसत होती. "ताई, त्यो रोग अंगात शिरला म्हंजी काय हुतंय?"

"ताप येतो. दिवस कलला की चढतो, सकाळी उतरतो. घाम सुटतो, कंबर मोडून येते."

साळूबाईंनी चटकन सुनेकडे पाहिलं. क्रांती मात्र पाण्याकडे बघत राहिली.

"मग मला लय दिस झालं त्यो येतोय," ती म्हणाली. "आत्याबाई म्हनल्या, पोटुशीला कणकण असतीच."

दिवस कलला होता. मायाने तिचं मनगट धरलं. गार पाण्याने नुकतंच धुतलेलं ते मनगट चांगलंच तापलेलं होतं.