दारं नसलेला बंधारा

दसरा उलटला की सावळाराम सकाळी हाळी द्यायचा, "चला रं बांधाला!" मग दिघाशीजवळच्या त्या पाड्यातलं घरटी एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन ओढ्यावर हजर व्हायचं. दगड, माती, ऐनाचे टहाळे. तीन दिवसांत पाणी अडायचं. बायका भाकरी नि बोंबलाचं कालवण घेऊन यायच्या, हसण्या-ओरडण्यानं ओढा दुमदुमायचा. आपल्या बायकोला, ठकुबाईला, सावळारामनं पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. पावसाळ्यात बांध वाहून जायचा, पण त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

दोन हजार चार साली सरकारनं तिथं सिमेंटचा बंधारा बांधला. पाटीवर चाळीस लाखांचा आकडा होता. फीत कापायला आलेल्या साहेबांच्या हाती सावळारामनंच नारळ दिला. पण भिंतीतल्या मोकळ्या गाळ्यांना लोखंडी दारं बसवल्याशिवाय पाणी अडणार कसं? नि दारं पडली भिवंडीच्या गोदामात, कुलपात. दोन वर्षं पाणी मोकळं वाहून गेलं, भाजीचे वाफे करपले.

तिसऱ्या वर्षी सावळारामनं अंबाडीहून एसटी धरली नि भिवंडीची कचेरी गाठली.

"दारं बसवायचं टेंडर निघालं नाही, काका," कारकून म्हणाला.

"टेंडर कशाला? चावी द्या. आमीच बसवतो, फुकट."

"सरकारी वस्तूला हात लावलात तर गुन्हा होईल. टेंडर निघून दारं बसायला फेब्रुवारी उजाडेल."

"तवा ओढ्यात पाणी न्हाय उरत, साहेब."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मलाही कळतंय. तीनदा वर लिहून पाठवलंय. कुणी वाचत नाही."

तिथून तो निजामपुऱ्यात पोराला बांधाला बोलवायला गेला. लूमच्या खडखडाटात विशाल ओरडून म्हणाला, "बाबा, शिफ्ट सोडता नाय येत. शुक्रवारी सुट्टी, तवा बघतो."

घरी ठकुबाईनं त्याचा चेहरा पाहिला नि विचारलं, "मंग? कुदळ काढू?"

"काढ. सरकारच्या बंधाऱ्याखाली तीस पावलांवर घालू. तितं तरी गुन्हा न्हाय."

हाळीला पाचच म्हातारी माणसं आली. बांधावरचे जुने सोबती राघो नि हिरामण नव्हते. दोघांनाही वारून वर्षं झाली होती. सावळाराम मधेच थांबायचा, राघोची शिवी ऐकू येते का म्हणून कान द्यायचा. शुक्रवारी विशाल दोघा सोबत्यांना घेऊन आला. नवव्या दिवशी पाणी अडलं. पूर्वीच्या निम्मंच, पण अडलं. मागे सरत सरत बंधाऱ्याच्या गाळ्यांत जाऊन उभं राहिलं.

फेब्रुवारीत सरकारी माणसं आली, दारं बसवली, भरल्या पाण्याचे फोटो काढले. विशाल चिडला. "बाबा, ते आपलं पाणी त्यांच्या नावावर दाखवतील."

"दाखवू दे." सावळाराम वालाच्या शेंगा खुडत होता. तांबड्या-हिरव्या, भरलेल्या शेंगा, तीन वर्षांनी. त्यानं एक सोलून पोराच्या हातावर ठेवली. "तू खाऊन बघ. राघो असता तर इतंच मडकं लावून शेंगा भाजल्या असत्या त्यानं."

विशालनं दाणा तोंडात टाकला. मग तोही बापाशेजारी वाकून शेंगा खुडू लागला.