काचेआतली हवा

बिश्केकचा हिवाळा करडा असतो. घराघरांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर निघतो आणि शहराच्या डोक्यावर ठाण मांडून बसतो. बुरुलचाला त्या धुराचा वीट आला होताच, पण त्या दुपारी तिला खरी किळस आली ती नवऱ्याच्या बोलण्याची.

तिच्या नवऱ्याने, मेलिसने, विजेवर चालणारी चिनी गाडी घेतली होती. पांढरीशुभ्र गाडी अंगणात मिरवत होती. मेलिसचा थोरला भाऊ तेमिरबेक ती बघायला आला आणि नवी वस्तू पाहिल्याचा मान म्हणून त्याने टपावर नोट ठेवली. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून अर्चाच्या झुडपाची वाळकी फांदी पेटवून गाडीभोवती धूर फिरवला. धूर न सोडणाऱ्या गाडीला पहिला मान धुराचाच! बुरुलचाला हसूही आलं नाही.

कारण आतल्या खोलीत जिबेक खोकत होती. सहा वर्षांच्या पोरीची छाती धुराने भरायची. डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितली, म्हणून गेल्या हिवाळ्यात विजेचा हीटर आणला होता. पण घराच्या लाइनवर हीटर आणि गाडी एकदम लावली की फ्यूज उडायचा. गाडी आली, हीटर निघाला, चूल पुन्हा पेटली. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत.

चहाला सगळे बसले. सुनेच्या रीतीप्रमाणे बुरुलचा दाराजवळ बसून प्याले भरत होती, प्रत्येक वेळी अर्धाच. अर्धा प्याला म्हणजे बसा, अजून देते. काठोकाठ भरलेला म्हणजे उठा आता.

"थंडीत हिची निम्मी ताकद जाते म्हणे," तेमिरबेक मिशीला लागलेलं लोणी पुसत म्हणाला. "बोओमच्या घळीत बंद पडली तर काय करशील? गवत घालशील?"

"घळीपलीकडच्या कोचकोरपर्यंत नेऊन दाखवतो, बाइके! आजच! जरा बॅटरी भरू दे." थोरल्याला बाइके म्हणतानाही मेलिसचा आवाज चढला होता. "तुम्ही पेट्रोलवाल्यांनी या शहराचा गळा आवळलाय. माझी गाडी धरणाच्या पाण्यावर चालते. धूर शून्य!"

"धरणात पाणी आहे कुठं? हिवाळ्यात वीज शेजारच्या देशांकडून उसनी आणतात. तीही कोळशाचीच."

"तुम्हाला नाही कळायचं. आत बसून बघा, काच लावली की बाहेर काहीही असो, गाडी हवा गाळून घेते. आत डोंगरावरची हवा!" मेलिसने छातीवर हात ठेवला. "मी ही पोरांसाठी घेतली. पुढच्या पिढीच्या छातीसाठी."

आतून खोकल्याची उबळ आली. पुढच्या पिढीचीच होती. कुणी मान वळवली नाही.

"थोडा वेळ गाडीची वायर काढते," बुरुलचा म्हणाली. "हीटर लावते. तिला श्वास पुरत नाहीये."

"आत्ता? भरत आलीय ती! बाइकेंसमोर माझं हसं करतेस का? खिडकी उघड जरा."

"बाहेर जास्त धूर आहे."

"आम्ही शेणाच्या चुलीपाशी वाढलो," सासूबाई म्हणाल्या. "काही झालं नाही आम्हाला. लाड जास्त झाले की खोकला सुटत नाही."

समोरची सगळी तोंडं बुरुलचाला एकाएकी ओंगळ दिसू लागली: लोणी लागलेल्या मिशा, बोलून बोलून ओले झालेले ओठ. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिने किटली उचलली आणि तेमिरबेकचा प्याला भरला. अगदी काठोकाठ. मग मेलिसचा. मग सासूबाईंचा. चहा खाली अंथरलेल्या चादरीवर सांडला.

तेमिरबेकने प्याल्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"हे काय?" मेलिस पुटपुटला.

"चहा," ती म्हणाली.

ती आत गेली, जिबेकला रजईत गुंडाळलं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि अंगणात आली. वायर उपटून गाडीत बसली, दारं लावून घेतली, गरम हवा पूर्ण सोडली. आधी घरघर झाली, मग आत ऊब पसरली. जिबेक तिच्या छातीवर डोकं ठेवून पडून राहिली. खोकला आला, पुन्हा आला, मग अंतर पडत गेलं. बुरुलचा नुसती पोरीची पाठ वरखाली होताना बघत होती. समोरच्या पडद्यावरचा आकडा उतरत होता. उतरू दे मेला.

मेलिस धावत आला आणि काचेवर थापा मारू लागला. त्याच्यामागे तेमिरबेक, आणि सुनेला काहीतरी बाधलंय म्हणून पुन्हा अर्चाची फांदी पेटवून आलेल्या सासूबाई.

"बॅटरी उतरतेय!" मेलिस ओरडला. "कोचकोरला कसं जायचं?"

बुरुलचाने काच बोटभर खाली केली.

"बाइकेंच्या गाडीतून जा."

"अगं, पण ही मी घेतली कशासाठी?"

"पोरांसाठी," ती म्हणाली. सासूबाईंच्या हातातल्या फांदीचा धूर फटीतून आत शिरला, तशी जिबेक झोपेत खोकली. बुरुलचाने काच वर केली.